सुईच्या आधीची पाच मिनिटं

काकांच्या दवाखान्यातल्या कपाटात, तिसऱ्या खणात, कापसाच्या गुंडाळीमागे ॲड्रेनलीनच्या दोन ॲम्प्यूल्स होत्या. एकीवरची तारीख उलटून चौदा महिने झाले होते. दुसरीवरची अक्षरंच पुसली होती. मी दिवाळीला गावी गेले होते. आत काकू फराळाची ताटं लावत होती आणि मी ती काचेची कुपी खिडकीच्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करत होते.

काका सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बेचाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतात. मी त्यांची पुतणी, पुण्यात ओरल सर्जरी करते. दात काढताना माणसाचा हात कसा चालतो, हे मी कॉलेजच्या कितीतरी आधी, याच खोलीच्या दाराआडून पाहिलेलं.

"काका, ही कधीची?"

"असेल कधीची तरी. लागत नाही गं ती. बेचाळीस वर्षांत एकदा फोडली नाही."

"तीच लागण्याचा दिवस आला तर?"

"तू पुण्याहून आलीस की मला घाबरवूनच सोडतेस," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले. तिथून जो वाद सुरू झाला, तो भाऊबीजेपर्यंत पुरला.

काकांचं म्हणणं आधी सांगते, कारण ते वजनदार आहे. ते म्हणाले, "लोक म्हणतात दात उपटला. उपटायला गेलं की तो तुटतो. दात हाडात रुतलेला असतो, त्याला हाडापासून सुटा करायचा असतो. आधी हिरडी सोडवायची, मग एलिव्हेटरनं हलकेच जागा करायची, मग फोर्सेप्स मुळाकडे जितका खाली जाईल तितका बसवायचा आणि गालाकडे, जिभेकडे असं सावकाश हाड रुंदावत न्यायचं. ओढायचं ते अगदी शेवटी, आणि तेव्हा ओढावं लागत नाही."

त्यांनी माझा डावा हात धरला आणि स्वतःच्या जबड्याला लावला. अंगठा आत, दाताच्या शेजारी; बोटं बाहेरून हनुवटीच्या खाली. "हा टेकू. खालची दाढ काढताना हा नसला तर सगळा जोर कानापुढच्या सांध्यावर जातो आणि बिचारा आठ दिवस जबडा धरून बसतो. उजवा हात काम करतो, डावा हात बघतो. हाड किती सैलावलं ते या बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही."

भुलीचंही त्यांनी तसंच सांगितलं. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, दाताशेजारी दिलेलं औषध आत झिरपतं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला जाड असतं, तिथं औषध झिरपत नाही. म्हणून पार मागे जाऊन नसच गाठावी लागते. त्या नसेजवळून रक्तवाहिनीही जाते. सुई पोचली की आधी दट्ट्या मागे ओढून पाहायचं, रक्त आलं तर जागा बदलायची. आणि औषध सावकाश सोडायचं.

"खुर्चीत जे काही वाईट घडतं," काका म्हणाले, "ते बहुतेक वेळा तिघांमुळे घडतं. घाई, दुखणं आणि भीती. सुई दिल्यावर मी पाच मिनिटं थांबतो. ऊस किती टन गेला विचारतो, पोरीचं लग्न ठरलं का विचारतो. बीपीवाल्यांना सकाळी पहिलं बोलावतो, ताटकळत ठेवत नाही. माझ्या खुर्चीत माणसाला घेरी येते ती वर्षातून चार-दोनदा. पाठ टेकवली, पाय वर केले, की दोन मिनिटांत उठून बसतो. याला तुझा तो आणीबाणीच्या औषधांचा लाल डबा कशाला?"

यातला एक शब्द खोडावा असं मला वाटत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत सगळ्यांत जास्त वेळा येणारा आणीबाणीचा प्रसंग म्हणजे साधी घेरी, आणि तिच्यावरचा सगळ्यांत चांगला इलाज हलका हात हाच आहे. पण काका ज्या घेरीबद्दल बोलत होते ती उठून बसणाऱ्याची घेरी. मी विचारलं, "दोन मिनिटांत नाही उठला तर?"

"तसं झालेलं नाही."

"झालं असं धरा. पाय वर केलेत, चार मिनिटं झाली. घेरीत नाडी मंद लागते, याची पळतेय. अंगावर गांधी उठल्यात, ओठ सुजलाय, श्वासाला शीळ वाजतेय. काय द्याल?"

"ॲव्हिल आणि डेक्सा," काका पटकन म्हणाले.

हेच उत्तर मी कितीतरी दवाखान्यांत ऐकलं आहे, आणि या उत्तराची मला भीती वाटते. ॲव्हिल हे ॲलर्जीवरचं औषध, डेक्सा हे स्टेरॉइड; ती वाईट नाहीत, पण ती मागाहून द्यायची. इतक्या तीव्र ॲलर्जीत घसा सुजत असतो, रक्तदाब कोसळत असतो, आणि तेव्हा काम करतं ते एकच औषध: ॲड्रेनलीन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, सरळ स्नायूत. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच. ॲव्हिल शोधण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण आपल्या भुलीच्या बाटलीत ॲड्रेनलीन असतंच की."

मी बाटली हातात घेतली. दोन टक्के लिग्नोकेन, त्यात ॲड्रेनलीन ऐंशी हजारांत एक भाग. मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे हिशेब मांडला. या बाटलीच्या एका मिलिलिटरमध्ये ॲड्रेनलीन येतं साडेबारा मायक्रोग्रॅम. ॲलर्जीच्या झटक्यात लागतं 500. म्हणजे या बाटलीतलं 40 मिलिलिटर औषध द्यावं लागेल. त्यात लिग्नोकेन होईल 800 मिलिग्रॅम, आणि माणूस कितीही धिप्पाड असला तरी ॲड्रेनलीनसकट लिग्नोकेनची मर्यादा 500. पन्नास किलोच्या बाईला तर 350 लाच थांबायचं. काकांनी चिठ्ठी उचलली, चष्मा वर केला, आकडे पुन्हा एकदा स्वतः गुणून पाहिले आणि काही न बोलता ती खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते तयारीनं आले. चहा पुढ्यात ठेवून म्हणाले, "भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे जगाला दाखवलं कोणी? दातांच्या डॉक्टरांनी. 1844 मध्ये वेल्सनं नायट्रस ऑक्साइड घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. 1846 मध्ये बोस्टनला मॉर्टननं ईथर दिलं. आणि त्यांची ही आताची पिढी! बीपी जरा वर दिसलं की चिठ्ठी लिहायची, पंढरपूरला जा. शुगर दिसली की सोलापूरला जा. जातं का कोणी? रोजगार बुडवून, भाडं खर्चून? तो जातो बाजारात पथारी टाकून दात काढणाऱ्याकडे. नाहीतर घरी बसतो, दाढेत तंबाखू नाहीतर लवंगेचं तेल भरून."

आणि मग त्यांनी एका ऊसतोड करणाऱ्या बाईची हकीकत सांगितली. खालची अक्कलदाढ किडलेली. ती तीन दवाखाने फिरली. सगळीकडे गोळ्या मिळाल्या आणि 'सूज उतरल्यावर या' हे वाक्य मिळालं. सूज असताना दाढ काढू नये, हा आपल्याकडे लोकांचाही समज आहे आणि काही डॉक्टरांचाही. खरं तर पू जिथून होतोय ते मूळ लवकर काढून टाकणं हाच पुष्कळदा उपाय असतो. चौथ्या रात्री ती काकांच्या दारात आली. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी फळीसारखी टणक सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नव्हती. तिला पाठ टेकू दिली तर जीव घाबरा व्हायचा.

हा लुडविग्ज अँजायना. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1836 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रोगी त्यात दगावत. रोगी मरतो तो श्वासाची वाट बंद होऊन. काकांनी तोंडात आरसाही घातला नाही. शेजाऱ्याची जीप काढली, तिला पुढच्या सीटवर ताठ बसवलं, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आधी फोन केला. तिथं गळ्याला भोक पाडून नळी घातली, पू काढला. ती वाचली.

"पहिल्याच डॉक्टरानं धीर करून दाढ काढली असती तर ही वेळ आली नसती," काका म्हणाले. "तुमच्या भीतीनं माणसं मरतात, माझ्या धाडसानं नाही."

मला हे मान्य आहे आणि लाजही वाटते. चिठ्ठी लिहून मोकळं होणं ही माझ्या पिढीची सवय झाली आहे, आणि ती सावधगिरीच्या नावाखाली खपते. पण मी काकांना म्हटलं, "त्या रात्री तुमचा हात कुठं चालला? चालली ती नजर. उताणं झोपवायचं नाही हे तुम्ही ओळखलंत, ताठ बसवून नेलंत, आधी फोन केलात. घेरी आलेल्याला आडवं करायचं, धाप लागलेल्याला बसवायचं. तुम्ही तयारच होतात. तुमच्यातल्या त्या माणसाला हाताशी सामान असू द्या, एवढंच म्हणतेय."

"सामान आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. कोविडात घेतलाय."

सिलिंडर होता. दाराआड, कॅलेंडरखाली, वर मळकं फडकं. मी कंपाउंडरना म्हटलं, चालू करून दाखवा. त्याची चावी सापडेना. औषधांच्या कपाटात नाही, गल्ल्यात नाही. शेवटी ती वरच्या माळ्यावर जुन्या एक्स-रे फिल्मच्या खोक्यात मिळाली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली होती. हृदय बंद पडलं तर मेंदू चार-पाच मिनिटांच्या पुढे तग धरत नाही. मी तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काकांनी स्वतःच चावीला सुतळी बांधली आणि ती सिलिंडरच्या गळ्यात अडकवली.

इथं माझी चूक सांगायला हवी, नाहीतर मी पुण्याची शहाणी म्हणून काकांना शिकवत होते असं वाटेल. दवाखाना टाकून मला दुसरं वर्ष होतं. साठीच्या एक बाई दाढ काढायला आल्या. अर्जावर 'मधुमेह: हो' असं लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं. भूल दिली. पाच-सात मिनिटांनी त्या चिडचिड करायला लागल्या, इतका वेळ का लावता म्हणून. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. मला वाटलं, घाबरल्यात. खुर्ची आडवी केली, पाय वर केले. उतार पडेना. हात कापत होते, नाडी जोरात. मी नाव विचारलं तर त्यांनी मुलीचं नाव सांगितलं.

सकाळी इन्सुलिन घेतलेलं होतं आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. दात काढायचा म्हणजे उपाशी जायचं, असं त्यांना शेजारणीनं सांगितलं होतं, आणि आमच्या फोनवरच्या मुलीनंही 'चालेल' म्हटलं होतं. साखर मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. गिळता येत होतं म्हणून खालच्या दुकानातून ग्लुकोज आणून पाण्यात कालवून दिलं. बेशुद्ध असत्या तर तोंडातून काहीच देता आलं नसतं. शिरेतून ग्लुकोज द्यावं लागलं असतं, आणि तेही माझ्याकडे नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. त्या संध्याकाळी मी यंत्र घेतलं. पण मला चूक जाणवली ती यंत्राची नव्हती. 'मधुमेह आहे' एवढं वाचून मी पुढं गेले. आज काय खाल्लं, कोणतं औषध कधी घेतलं, हे विचारलं नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

पाडव्याला दवाखाना बंद असतो. तरी संध्याकाळी एक आजोबा आले, सत्तरीचे, धोतर-टोपी, गालाला हात. खालची डावी दाढ ठणकत होती, दोन रात्री झोप नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. एरवी ते उभ्यानंच विचारतात.

"औषधगोळ्या काही चालू हायत का?"

"न्हाय."

"बीपीची?"

"ती हाय की. पण ती रोजचीच हाय. ते काय औषध न्हवं."

आजोबांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. काकांनी ती मागून घेतली आणि टेबलावर उपडी केली. बीपीची गोळी. कोलेस्टेरॉलची. आणि ॲस्पिरिन अधिक क्लोपिडोग्रेल, त्या पाकिटातल्या शेवटच्या तीन दिवसांच्या गोळ्या तशाच. विचारत विचारत कळलं, की चार महिन्यांपूर्वी छातीत दुखलं होतं, 'नळी बसवलीया', म्हणजे स्टेंट. आणि दाढ काढायची म्हणून त्यांनी रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानंच तीन दिवस बंद केली होती. कुणीतरी सांगितलं होतं, नाहीतर रक्त थांबत नाही.

काका माझ्याकडे वळले. "मीही हेच सांगत आलोय, अगं. पाच दिवस बंद करा, मग या."

पूर्वी सगळेच ते सांगत. आता उलटं आहे, आणि कारण सरळ आहे. एका दाढेच्या खड्ड्यातलं रक्त आपल्याला दिसतं, बोटाखाली येतं. कापडाची घडी घट्ट दाबून वीस-तीस मिनिटं धरायची, खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज बसवायचा, वर टाका घालायचा. जरा जास्त वेळ लागतो, पण थांबतं. नव्या बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती बोटाखाली येत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी कोणीही थांबवू नये: रोग्यानं नाही, दंतवैद्यानंही नाही. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, दात काढण्याआधी तपासायचा, हा निराळा हिशेब.

काकांनी आजोबांच्याच फोनवरून त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी आत्ताच्या आत्ता पुन्हा सुरू करा, असं त्यांनी सांगितलं. बीपी पाहिलं, 164 वर 96. 180 आणि 110 च्या वर असतं तर आजचं काम पुढं ढकललं असतं. काकांनी दाढ काढली नाही. भुलीची मात्रा मोजून घेतली. हृदयरोग्याला ॲड्रेनलीन 40 मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, म्हणजे या बाटलीतलं जेमतेम तीन मिलिलिटर. त्यांनी दोनमध्ये भागवलं. दट्ट्या मागे ओढला, पाहिलं, सावकाश सोडलं, आणि पाच मिनिटं ऊस, पाऊस, नातवंडं. मग दाढ वरून उघडून आतली सडलेली नस काढली, औषधाचा बोळा ठेवून बंद केली. ठणका गेला. दाढ काढायची की ठेवायची, ते गोळ्या नियमित सुरू झाल्यावर ठरणार होतं.

पंढरपूरची चिठ्ठी लिहिली नाही, आणि धाडसही केलं नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते. असं काम मला माझ्या दवाखान्यात रोज जमत नाही.

आजोबा गेल्यावर काका म्हणाले, "वरची दाढ काढली की नजर जाते, हा लोकांचा समज काढता काढता माझी उमर गेली. आता 'रोजची गोळी म्हणजे औषध नव्हे' हाही काढायला हवा."

भाऊबीजेला निघण्याआधी आम्ही लाल डबा भरला. ॲड्रेनलीनच्या चार नव्या ॲम्प्यूल्स, तारीख वरच्या बाजूला. जिभेखालची सॉर्बिट्रेट, चावायची ॲस्पिरिन, सालब्युटामॉलचा पंप, ग्लुकोजची पूड, शिरेतलं ग्लुकोज, साखरेचं यंत्र. कंपाउंडरना मी आजोबांच्या खुर्चीत बसवलं. फिटचा झटका आला तर काय करायचं ते काकांनीच त्यांना सांगितलं: तोंडातली हत्यारं बाहेर, दातांमध्ये काही कोंबायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, एका कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. हृदय बंद पडलं तर खुर्ची सपाट करायची, खुर्चीच्या पाठीखाली स्टूल सरकवायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीनं छाती दाबायची, आणि 108 ला फोन कोण लावणार ते आजच ठरवायचं. फोन काकू लावणार, असं ठरलं.

डबा मोठा झाला, यावर काकांची कुरकुर आहेच. निम्मी औषधं तारीख उलटून फेकावी लागतील, असं ते म्हणतात. फेकावी लागोत, असं मी म्हणते.

तुम्ही दात काढायला जाल तेव्हा गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, रोजच्या गोळ्यांसकट. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवून जा, आणि बीपी-शुगरची औषधं नेहमीसारखी घेऊन जा. हृदयाची झडप, स्टेंट, दमा, फिट, दिवस गेलेले असणं, हाडांसाठी घेतलेली इंजेक्शनं, तोंडाच्या कॅन्सरसाठी घेतलेले लाइटचे डोस, पूर्वी एखाद्या गोळीनं अंगावर उठलेलं पित्त: यातलं काहीही असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.